सेनापतीचा डावा डोळा

त्याला सगळे सेनापती म्हणत. हातात तलवार नव्हती, कात्री होती, आणि सैन्य म्हणाल तर ते कॉम्प्युटरच्या आत राहायचं. कोपऱ्यावरच्या सलूनचा तो मालक, तोच कारागीर आणि केस झाडणाराही तोच. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर कायम टॉवेल वाळत पडलेले.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मग शटर खाली ओढून तो मागच्याच खोल्यांमध्ये घरी जायचा, चार घास खायचा आणि खेळायला बसायचा. त्याचे खेळ गाड्या पळवायचे किंवा चेंडू मारायचे नव्हेत. आपण कुणीतरी दुसरंच माणूस व्हायचं, वाटेत सोबती जोडायचे आणि एका अवाढव्य राज्यात महिनोन् महिने हिंडायचं. रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्यांना. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला वाटलं होतं खूळ जाईल. खूळ गेलं नाही, उलट कॉम्प्युटर मोठा झाला.

या खेळांबद्दल त्याची मतं ठाम होती आणि ती गिऱ्हाइकाला ऐकावीच लागत. गळ्याशी वस्तरा असताना नको कोण म्हणेल? जादूगार कधी होऊ नये, म्हणायचा, पुस्तकं वाचून वाचून अंगात जीव राहत नाही, एका थपडेत आडवा. ढालवाला व्हावं. नवा माणूस घडवताना तो नाक बसवण्यात सबंध सुट्टी घालवायचा, आणि मग त्याच्या डोक्यावर असं शिरस्त्राण चढवायचा की नाक कुणाला दिसू नये. औषधाच्या बाटल्या जमवून ठेवायचा, अडीअडचणीला म्हणून, आणि खेळ संपला तरी पोतंभर तशाच शिल्लक.

आणि सगळ्यांत आवडीचं मत हे: मोठ्या कामाची घाई करू नये. राजकन्येला राक्षसानं गडावर कोंडलंय ना, असू दे. आधी गावातल्या म्हातारीची बकरी शोधून द्यावी, लोहाराला लोखंड आणून द्यावं, तळ्यावर मासे धरावेत. ‘राक्षस कुठे पळत नाही,’ म्हणायचा. ‘आपण दार उघडेपर्यंत बसून राहतो बिचारा.’ ज्या खेळात घड्याळ लावलेलं असतं, तो खेळ त्यानं एकदा अर्ध्यावर टाकून दिला होता. मागे लागलेलं त्याला सोसत नसे.

ठिणग्या दिसायला लागल्या तेव्हा त्याला वाटलं, पडदा बिघडला. डाव्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि खेळातल्या गुहेत तर वीज नव्हती. त्यानं वायर बदलली. मग काजळीचे कण तरंगायला लागले. त्यानं ओल्या फडक्यानं पडदा पुसला, कोरड्यानं पुसला, शेवटी काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाला म्हणाला, पडद्याला धाड भरलेली नाही. परत येताना सेनापतीला भरदुपारच्या आभाळातही तेच कण दिसले. आभाळ काही त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेलं नव्हतं. 

पण बोलला नाही. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा होता, नंबर वाढला असेल, अशी मनाची समजूत घातली. मग कानाकडून एक सावली आली, दाराआडून कुणी डोकावावं तशी. सलूनमध्ये एकटा असला की तो आरशासमोर उभा राहून उजवा डोळा झाकायचा आणि पाहायचा. डावीकडची तेलाची बाटली दिसत नसे. पुढच्या दिवशी बाटलीशेजारचा डबाही गेला. डोळ्यांच्या दवाखान्यात जायला हवं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आधी कात्र्यांना धार लावून आणली. मग नळाचा वायसर बदलला. सासूबाईंची खाट कुरकुरत होती, तिचे पाय ठोकून दिले. शेजाऱ्यांना आपण होऊन विचारलं, काही काम आहे का. इतका कामसू तो बायकोनं जन्मात पाहिला नव्हता. ती शिवणाच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी दमून यायची, आणि घर असं आयतं ठाकठीक दिसल्यावर खूश व्हायची. तिच्या त्या खुशीपुढे त्याचं तोंड आणखीच शिवलं जायचं. डोळा गेला तर वस्तरा गेला, वस्तरा गेला तर सलून गेलं. हे तिला सांगायचं कसं?

दाढी करणं तो टाळायला लागला. ब्लेड संपलीत, गरम पाणी नाही, आज हात दुखतोय. एकदा मात्र निवृत्त मास्तर येऊन बसले. ते कुणाचं ऐकणारे नव्हते. म्हणाले, केस तर उरले नाहीत, दाढी नाही करायची तर काय गप्पा मारायला येऊ? नाइलाजानं त्यानं फेस लावला. उजवा गाल झाला. डाव्या कानाखाली वस्तरा नेला तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा कान जवळ होता.

रक्त थोडंसंच आलं. त्यानं तुरटी लावली, मास्तरांनी टॉवेल दाबून धरला आणि बराच वेळ आरशातून त्याच्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत, तेच वाईट. जाताना एवढंच म्हणाले, ‘कान दोनच आहेत रे बाबा, आणि दोन्ही वापरातले आहेत.’

त्या दुपारी तो जेवला नाही. तडक जाऊन खेळायला बसला. मागे खाटेवर सासूबाई होत्या. एकुलत्या लेकीकडे राहायला आलेल्या, आणि ‘जावयाच्या घरी किती दिवस’ असं दर महिन्याला म्हणून तिथेच राहिलेल्या. मालिका बघायच्या त्या सोडून आताशा जावयाचा खेळ बघायच्या. त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण सोबत्यांपैकी कोण दगा देणार हे त्या चेहऱ्यावरून सांगत, आणि बहुतेक वेळा खरं निघे.

आज त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. उठून चहा करून आणला आणि त्याच्या डाव्या हाताशी येऊन मुकाट्यानं उभ्या राहिल्या. त्याला पत्ताच नाही. कपाचा चटका कोपराला लागला तेव्हा दचकला, आणि कप घ्यायला गेला तर बोटं रिकामी मिटली.

‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून किती दिवस बसलायत?’

तो म्हणाला, मान धरलीय.

‘मान नाही, डोळा. कधीपासून?’

आता खोटं बोलायला जागा नव्हती. म्हणाला, थोडी सावली आहे, एवढंच. सुट्ट्यांची गर्दी ओसरली की दाखवून येतो. राक्षस काही पळत नाही.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. ‘तुमचा राक्षस गडावर बसून असतो. हा कुठे बसलाय? परवा कुठवर होता, ते सांगा.’

कानापाशी, तो म्हणाला.

‘आणि आज?’

त्यानं उजवा डोळा झाकला. सासूबाई समोर उभ्या होत्या. त्यांचा एक खांदा नव्हता, कान नव्हता, गालही अर्धाच. काळं पाणी चढावं तशी ती सावली त्यांच्या नाकाच्या दिशेनं निघालेली. हा चालत येत होता. आपण बकऱ्या शोधत होतो आणि हा एकेक पाऊल टाकत येत होता.  खेळ तसाच सुरू राहिला. पडद्यावरचा ढालवाला कुणी हलवत नाही म्हणून उभ्या उभ्या मार खात होता.

सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या. लेकीला निरोप धाडायचं कामही त्यांनीच केलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, उजेड मारला आणि वर मान न करताच सांगितलं, आतला पापुद्रा सुटलाय. ओल धरलेल्या भिंतीचा कागद सुटतो ना, तसा. सुटत सुटत मधोमधापर्यंत आलाय; नेमकं दिसतं ते मधल्या भागानं, आणि तो मधला जागेवर आहे की नाही हे आत गेल्यावर कळेल. आजच ऑपरेशन. त्यानं विचारलं, वस्तरा धरता येईल ना? त्या म्हणाल्या, आधी डोळा धरू या.

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. आधी कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खेळाचा काही संबंध नाही, जाड भिंगवाल्यांना हे होतं. उशीर मात्र तुमच्या यजमानांचा. मग बायकोनं कॉम्प्युटर सोडला आणि नवऱ्याकडे वळली. तिचा खरा राग वेगळाच होता.

‘माझ्या आईला सांगितलंस,’ ती म्हणाली, ‘मला नाही.’

सांगितलं नाही, त्यांनी पकडलं, असं तो पुटपुटला. त्यानं काही बरं झालं नाही. पण आत नेईपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही, आणि हात गार कुणाचा होता हे दोघांनाही कळत नव्हतं.

डोळ्यात हवेचा फुगा भरून त्याला घरी पाठवला, आणि सांगितलं, पालथं पडायचं. फुगा पापुद्र्याला दाबून धरतो, मान वर केली की सगळं फुकट. आयुष्यभर लोकांच्या माना खाली दाबणाऱ्याची मान आता खाली. उशीत तोंड, दिसते ती फरशीची एक भेग. मास्तर भेटायला आले तर त्यांच्या चपलांशीच बोलावं लागलं. कान बरा आहे, असं त्या चपलांनी सांगितलं. बायको पाठीला तेल चोळायची. मधला पापुद्रा सुटलेला होता का, ते तिला विचारायचं होतं, आणि त्याला ते सांगायचं नव्हतं. काठाशी सुटलेला होता. जरासाच. ‘बघू’ म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, आणि बघू हा शब्द छातीवर धोंड्यासारखा घेऊन तो पालथा पडला होता. शेवटी तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. ती तेल चोळत राहिली.

फुगा हळूहळू विरला. सावली गेली. डावीकडची बाटली परत आली, डबाही आला. पण त्या डोळ्यानं पाहिलं की दाराची चौकट मधे लचकलेली दिसे. सरळ होईल, नाही तर नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केस कापायला हरकत नव्हती. वस्तऱ्याचं त्यानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ते तुमच्या हाताला विचारा.

म्हणून एका दुपारी शटर ओढून त्यानं खुर्चीत सासूबाईंना बसवलं आणि त्यांच्या मांडीवर फुगवलेला रबरी फुगा दिला. शिकाऊ असताना उस्तादानं हात याच्यावरच बसवला होता: फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्यानं तो काढायचा. बायको दाराशी उभी. सासूबाई फुगा दोन्ही हातांनी धरून, नवं तान्हं घेऊन बसावं तशा बसल्या होत्या.

त्यानं फेस फासून वस्तरा लावला. एक पट्टा स्वच्छ निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला फुगा हवा तिथे होता असं त्याला वाटलं, आणि नव्हता.

आवाज खोलीभर झाला. सासूबाईंच्या हनुवटीवर, पदरावर, नाकाच्या शेंड्यावर फेस उडाला. सेनापती वस्तरा मिटून भिंतीकडे बघत राहिला. 

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं, मांडीवरचा रबराचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

‘दोन पट्टे आले की,’ त्या म्हणाल्या. ‘फुगवा दुसरा. आणि या खेपेला जरा लहान फुगवा, माझं काळीज फुटतंय.’

त्यानं दुसरा फुगा ओठांना लावला, पण फुंकता येईना. बायकोनं पुढे होऊन त्याच्या हातातून फुगा घेतला आणि फुगवायला लागली.