नवसागरातला बंध

सुभद्राबाई इंटर सायन्सपर्यंत शिकल्या. मग लग्न झालं, आणि त्यांचं रसायनशास्त्र भांडी घासायच्या राखेपुरतं उरलं. ते पुन्हा वर आलं सत्तावन्न साली, लेक मंजुळेसाठी. चिंचवडजवळच्या एका खासगी औषध कारखान्याला प्रयोगशाळेत उमेदवार हवा होता आणि मंजुळा मॅट्रिक झालेली होती. बाईंनी पुण्याहून नवं पुस्तक आणवलं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात डावीकडून उजवीकडे गेलं की इलेक्ट्रॉन ओढायची ताकद वाढते, वरून खाली उतरलं की घटते, हे त्या स्वतः चाळिशीत शिकल्या आणि मग लेकीला शिकवलं.

लेखी परीक्षेत प्रश्न आला : नवसागरात, म्हणजे अमोनियम क्लोराइडात, कोणता बंध? मंजुळेनं आईनं शिकवलेलं लिहिलं. नायट्रोजन आणि चार हायड्रोजन आपसांत इलेक्ट्रॉन वाटून घेतात, तो कोव्हॅलंट बंध. त्या सगळ्या गटाचा क्लोरीनशी मात्र आयनिक, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीचा, बंध.

पेपर तपासणाऱ्या कारखान्याच्या साहेबांनी लाल रेघ मारली. दोन गुण गेले आणि मंजुळा काठावर आली. सोमवारी तोंडी परीक्षा, हाच प्रश्न पुन्हा विचारणार, असा निरोप मिळाला.

बाई कल्हईवाल्या करीमकडे गेल्या.

"मूठभर नवसागर द्या, करीमभाई."

"भांडी कुठायत, बाई?"

"भांडी नाहीत. एका साहेबाला कल्हई करायचीय."

साहेबांच्या टेबलावर त्यांनी पेल्यातल्या पाण्यात नवसागर विरघळवला, बॅटरी आणि छोट्या बल्बला जोडलेल्या दोन तारा सोडल्या. बल्ब मिणमिणला. पाण्यात भारित आयन असल्याशिवाय तो कसा लागेल?

साहेबांनी बल्बकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "इलेक्ट्रॉन ओढायची ताकद नायट्रोजनची तीन, क्लोरीनची तीन. वजाबाकी शून्य. फरक नाही, म्हणजे कोव्हॅलंट."

"पण बंध त्या दोघांमध्ये नाहीच, साहेब. गटाशी आहे."

"बाई, प्रश्न मी काढलाय. तपासणारही मीच."

घरापर्यंतच्या वाटेवर बाई स्वतःवरच चिडत राहिल्या. काय गरज होती इतकं खोलात शिकवायची? बाकीच्या पोरांना नुसती वजाबाकी येत होती आणि ती पास झाली होती.

"सोमवारी कोव्हॅलंट म्हण," त्या दारातूनच म्हणाल्या.

मंजुळा तांदूळ निवडत होती. "बल्ब लागला ना?"

"लागला."

"मग?"

"मग काय? बल्ब पगार देत नाही. म्हण म्हटलं ना."

मंजुळा तसं म्हणाली. बुधवारी नेमणुकीचं पत्र आलं. बाईंनी शेजारी साखर वाटली, पण स्वतःच्या तोंडात एक चिमूट घातली नाही.

महिन्याभरानं मंजुळा संध्याकाळी वही घेऊन बसली होती. कारखान्यातली उमेदवारांची पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. बाई हात पुसत शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विचार, काय अडलंय?"

मंजुळेनं वही मिटली नाही की पुढेही केली नाही.

"राहू दे, आई. तू खरं सांगशील आणि मला पुन्हा ते विसरावं लागेल."