कोंढ्याजवळ अडकलेलं छत

पन्नाशी ओलांडल्यावर मला उघड्या छताची गाडी हवीशी वाटली. पवनीत आमचं हातमागाच्या साड्यांचं दुकान. सगळा जन्म धूळ लागू नये म्हणून कापड झाकण्यात गेला, त्याचाच हा परिणाम असावा. नागपुरात जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे ती लाल, दोनच सीटची गाडी दिसली आणि मी खुळावलेच. बटण दाबलं की कापडी छत उठायचं, दुमडायचं आणि मागे डिक्कीत जाऊन बसायचं. विक्रेत्यानं तीनदा करून दाखवलं. चौथ्यांदा म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, आता घरी जाऊन पाहा." तिथंच मला कळायला हवं होतं. एक शहाणपण मात्र केलं. पावतीवर त्याच्याच हातानं लिहून घेतलं की छत चालू आहे आणि महिन्याभरात बिघडलं तर जबाबदारी आमची.

तिसऱ्या दिवशी थोरल्या जाऊबाईंना फिरवायला नेलं. त्या साठीच्या. कोंढा गावाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर गाडी थांबवली आणि ऐटीत बटण दाबलं. छत कुरकुरत उठलं, आमच्या डोक्यावर सरळ उभं राहिलं आणि तिथंच थांबलं. पुढेही जाईना, मागेही येईना. बांधावरचा एक म्हातारा कापणी सोडून आला. बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हे असंच राह्यते का?"

जाऊबाईंना जे हसू फुटलं ते घर येईपर्यंत थांबलं नाही. वारा भरला की छत फडफडायचं, गाडी डुलायची, आणि त्या ओरडायच्या, "हळू व मा! उडून जाऊन राहिलो आपण!"

घरून विक्रेत्याला फोन लावला.

"गाडी आमच्या दारातून गेली, मॅडम. आता जबाबदारी तुमची."

"तुम्ही लिहून दिलं आहे."

"छत म्हणजे कापड. कापड फाटलं का? नाही ना? आतल्या मशीनचं आम्ही कुठं लिहिलं?"

"कापडाचं मले नोका शिकवू," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या दोन जाड सुती साड्यांनी ते उभं छत आवळून बांधलं आणि दोघी नागपूरला निघालो. भिवापूर, उमरेड करत, बैलबंडीच्या चालीनं. वाटेत एका वरातीतल्या पोरींना वाटलं, गाडी नवरदेवासाठी सजवली आहे. त्या पुढं नाचू लागल्या, आणि जाऊबाई उतरून त्यांच्यात चार पावलं नाचून आल्या.

नागपुरात मी गाडी विक्रेत्याच्या फाटकात आडवी लावली. भांडले नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? आणि मी शांतपणे पावती वाचून दाखवायची. पाचव्या गिऱ्हाइकाला विक्रेत्यानं मेकॅनिकला हाक मारली. त्यानं डिक्कीत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "साहेब, छत उचलायचा हा पंप तेल गळते म्हणून मी दिवाळीतच सांगतलो होतो ना!"

जाऊबाई फिस्सकन हसल्या, गिऱ्हाईक हसलं, आणि शेवटी विक्रेताही कान धरून हसला. "चुकलं, मॅडम. पंप नवा बसवून देतो. माझ्या खर्चानं."

"आणि घरी पोचवून द्या," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही आणली, आता तुम्ही आना."

नऊ दिवसांनी तो स्वतःच गाडी घेऊन आला. छत उघडं, केस ताठ उभे, भुवयांवर धूळ, आणि चेहऱ्यावर पतंग सापडलेल्या पोराचं हसू.

"एवढ्या गाड्या विकल्या मॅडम, पण उघडी गाडी इतकी दूर कधी चालवलीच नव्हती. वापस विकता का मले?"

"नाही ना जी!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

त्याला एसटी स्टँडवर सोडायला मी निघाले. त्यानं वाटेत विचारलं, वैनगंगेच्या पुलापर्यंत एक चक्कर मारायची का? मारली. मग चौरास म्हणतात त्या धानपट्ट्यातल्या गावांची अजून एक. तोवर त्याची बस निघून गेली होती. पुढची तासाभरानं होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी किल्ली त्याच्या हातात दिली.