मागच्या बाकावरचे दुभाषी

कचहरीत पुकारा झाला की काका आधी गालातलं पान थुंकून यायचे, तीनदा चूळ भरायचे आणि मगच साक्षीदाराजवळ उभे राहायचे. "दुसऱ्याचं बोलणं घ्यायचं तर आपलं तोंड रिकामं पाहिजे," म्हणायचे. बनारसच्या माणसानं दिवसाकाठी चार पानं अशी वाया घालवणं हा केवढा त्याग, ते तुम्हीच समजा.

आम्ही दोघंही दुर्गाघाटावरचे. मी न्यायाधीशांच्या खाली बसून कागद सांभाळणारा पेशकार, ते मराठी साक्षीदारांचे दुभाषी. तीर्थाला आलेली माणसं हरवतात, लुबाडली जातात, भांडतात. त्यांचं म्हणणं हिंदीत सांगायला काकाच. एकदा एका सोलापूरकरानं चिडून साहेबांनाच गाढव म्हटलं. काकांनी हात जोडून, अदबीनं, तेच हिंदीत ऐकवलं. "आपल्या पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही."

मग दुभाष्यांचं काम ठेक्यावर गेलं. कंपनीची एक मुलगी कुठूनशी स्क्रीनवर येऊ लागली. तरी मराठीची तारीख असली की काका मागच्या बाकावर हजर.

"काका, आता कशाला येता?"

"ऐकतो रे. ऐकायला काय ठेका लागतो?"

एक दिवस हिंगोलीकडची एक म्हातारी उभी राहिली. तिचा नवरा भ्रमिष्ट होऊन घरातून निघून गेलेला, इथल्या एका आश्रमात सापडलेला. त्याला घरी न्यायचं तर शपथेवर ओळख पटवायला हवी होती. मुलीनं विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव?"

म्हातारी गप्प. पुन्हा विचारलं, तर तिनं पदर तोंडाशी धरला.

"गवाह उत्तर नहीं दे रहीं," मुलगी म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. साहेबांच्या आजीनंही नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नसेल, पण कागदाला उत्तर लागतं. मला सगळं कळत होतं, तरी नोकरीला भिऊन मी पेन धरून बसलो. त्याची अजून लाज वाटते.

काका उठले. "हुजूर, तर्जुमा नहीं करूँगा. अपनी भाभी से एक बात कहूँगा."

साहेबांनी मान डोलावली.

"वहिनी, हळदीकुंकवाला घेता ना, तसं नाव घ्या. सगळी घरचीच आहेत इथं."

म्हातारीनं पदर सारखा केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"हरवलेलं माणूस घावलं गंगेच्या काठी,
मारुतीरावांचं नाव घेते, त्यांना घरी नेण्यासाठी!"

स्क्रीनवरच्या मुलीनं ते हिंदीत सांगितलं. नाव, गंगा, घर, सगळं. त्याच दिवशी हुकूम झाला.

जिना उतरताना काका म्हणाले, "पोरगी चांगली आहे रे. आता मी आलो नाही तरी चालेल." आणि खरंच आले नाहीत. त्या थंडीत ते गेले. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

मराठीची तारीख लागली की ती मुलगी काम सुरू करण्याआधी मला विचारते, "आजोबा आलेत ना मागे?"

मी रिकाम्या बाकाकडे बघतो आणि हो म्हणतो. शपथ साक्षीदाराला असते, पेशकाराला नसते.