अकराच्या नद्या

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींना घड्याळ लागत नसे. त्यांना रेडिओ पुरायचा. गाणी लागली की त्या बटण फिरवायच्या; गाण्याला पाय हलतो आणि मशीन पळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं असायचं बोलणं. सकाळच्या बातम्यांना मशीनला तेल, डॉक्टरांच्या सल्ल्याला काजं-बटणं, पुस्तकांवरच्या गप्पांना इस्त्री. दुपारच्या नाटकाला हातशिलाई, कारण नाटकात जीव अडकला तरी सुई फार तर बोटात जाते. कापड कापायची वेळ मात्र एकच, सकाळी अकराची.

अकराला नद्यांच्या पाण्याची पातळी सांगत. एक गृहस्थ वर्षानुवर्षं त्याच आवाजात मीटर आणि सेंटिमीटर वाचायचे. पूर आला तरी त्यांच्या आवाजाला चढ नाही. त्या आवाजावर मावशींची कात्री सरळ चालायची. आकडे ऐकत आकडे मोजताना गोंधळ कसा होत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, ते पाण्याचे, हे कापडाचे. त्यांची एकमेकांशी ओळखच नाही.

नियम उगीच पडला नव्हता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी नाटक ऐकत ऐकत मावशींनी एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. वकील समजूतदार निघाला. काका, म्हणजे मावशींचे यजमान, तेवढे समजूतदार नव्हते. कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला माणूस, सुताएवढी चूक त्यांना दिसायची. निवृत्त होऊन घरी बसल्यापासून तर आमटीत मीठ जास्त पडलं तरी ते शांतपणे विचारायचे, "आज दोन्ही डाव्या का?"

त्या दिवशी टेबलावर होता समोरच्या गल्लीतल्या मुलीच्या वडिलांचा लोकरी कोट. वडील जाऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिची नोकरीची मुलाखत होती आणि तिला हाच कोट अंगावर हवा होता. दुसरं काही नाही म्हणून नव्हे, असं तिने स्वतःहून सांगितलं होतं. कोट बाहेरून फिका पडला होता, आतून नव्यासारखा. मावशींनी तो सगळा उसवला, धुतला, चार दिवस सावलीत वाळवला. आता प्रत्येक तुकडा उलटा करून, आतली बाजू बाहेर घेऊन, मुलीच्या मापाने कापायचा होता. तसं कापड आता दुकानात मिळत नाही. एक कात्री चुकली की कोट गेला.

आणि नेमका त्याच दिवशी रेडिओ केंद्राचा वर्धापनदिन. सकाळीच रेडिओवर कार्यक्रमांची यादी वाचली: परिसंवाद, प्रश्नमंजूषा, श्रोत्यांची पत्रं, जुन्या मुलाखती, दिवसभर बोलणंच बोलणं. एरवी मावशी खूश झाल्या असत्या. पण नद्यांना सुट्टी होती. अकराला लागणार होता कोर्टाच्या नाटकाचा शेवटचा भाग, जो दोन आठवडे रखडला होता. तिजोरीची किल्ली कुणी घेतली, यावर घरात पैज होती. काकांच्या मते मेहुण्याने, मावशींच्या मते नर्सने. हरणाऱ्याने महिनाभर संध्याकाळचा चहा करायचा.

कापणं पुढे ढकलता येईना; शिवायला संध्याकाळ पुरली नसती. अकरा वाजले, नाटक सुरू झालं, मावशींनी कात्री घेतली. पाठ नीट निघाली. पुढचे दोन तुकडे, एक बाही, सगळं नीट. मग नाटकातल्या वकिलाने नर्सला साक्षीला उभं केलं. मावशींनी दुसरी बाही टेबलावर पसरली, पहिल्या बाहीचाच मापाचा कागद तसाच वर ठेवला, खडूने रेघ मारली, कात्री उघडली.

आणि मिटली. कागद उलटा करायचा राहिला होता, आणि वडिलांची बाही मुलीच्या मापाला ऐसपैस, म्हणून तो तसाच बसलाही होता. कापली असती तर पुन्हा दोन्ही डाव्या, आणि एक पालटून लावली तर कोटाचा एक हात नवा आणि एक जुना.

त्यांनी रेडिओ बंद केला.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, आता तर सांगणार होती ती."

"सांगू दे. मुलीच्या बापाचा कोट आहे हा."

काका पुन्हा बसले. मावशींनी रेघ पुसली, कागद उलटवला, नवी रेघ मारली. कात्री उचलली आणि तशीच धरून राहिल्या. खोली एकदम मोठी वाटायला लागली. मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता, तोही ऐकू यायला लागला. शांततेत आपला हात चालत नाही, हे मावशींनी कात्रीला धार नाही असं सांगावं तसं सांगितलं.

काकांनी थोडा वेळ बंद रेडिओकडे पाहिलं. मग चष्मा लावला, फळीवरून मापांची जुनी वही काढली, मधलंच पान उघडलं आणि वाचायला लागले. पहिल्याच ओळीला मावशींनी थांबवलं.

"नावं नकोत. नाव आलं की माणूस येतो."

मग नुसते आकडे. छाती अडतीस. खांदा सतरा. बाही चोवीस. आवाजाला ना चढ ना उतार. लेथवर उभं राहून मापं सांगायची त्यांना सवयच होती. बाही कापून झाली, कॉलर झाली, खिशाची झाकणं झाली. मध्ये एका पानावर या कोटाचंच माप होतं, पंधरा वर्षांपूर्वीचं. काकांनी तेही त्याच आवाजात वाचलं आणि पान उलटलं. ही गोष्ट त्यांनी मावशींना बऱ्याच दिवसांनी सांगितली.

संध्याकाळी सहाला मुलगी आली. कोट घालून आरशासमोर उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून बाह्या पाहिल्या. दोन्ही सारख्याच गडद. तिने हात खिशात घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत. मावशी खाली पडलेले दोरे वेचत राहिल्या.

निघताना मुलीनेच विषय काढला. सकाळी तिच्याकडे नाटक लागलं होतं. शेवट कसा वाटला? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सांगू नकोस," काका म्हणाले. "कधीतरी पुन्हा लावतील."

"सांग गं तू," मावशी म्हणाल्या.

मुलीने सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि आधण ठेवायला आत गेले. आतून त्यांनी विचारलं की मुलगी साखर किती घेते.