कुडपणच्या डॉक्टरीणबाईंना आणायला

महाडच्या एस.टी. स्टँडवर शनिवारी सकाळी मी आणि आई पोलादपूरच्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो. आईच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा आणि पायांत पुण्याहून घालून आलेल्या नव्याकोऱ्या चपला. मी महाडच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आई चार दिवस राहायला आली होती आणि मला एकटीला डोंगरात सोडायचं नाही, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

डोंगरात जायचं कारण होतं संगीता शेलार, माझी बारावीची विद्यार्थिनी. सीईटी देऊन ती कुडपणला, आपल्या घरी, शेतीच्या कामाला गेली होती. आदल्या संध्याकाळी मी बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत तिचा निकाल पाहिला आणि खुर्चीतच उडाले. गुण इतके चांगले होते की एमबीबीएससुद्धा हाताशी आलं होतं. पण प्रवेशअर्ज मुंबईत स्वतः जाऊन भरायचा होता आणि त्याची मुदत सोमवारी संपत होती. कुडपणचा एकुलता एक फोन पाऊस सुरू झाल्यापासून मुका झाला होता. म्हणजे निरोप पोचवायचा तर आपणच जायला हवं.

गाडीत बसल्याबरोबर आईने कंडक्टरला सगळी हकिगत सांगितली. त्याने तिकिटं फाडता फाडता ती पुढच्या बाकापर्यंत पोचवली. सावित्रीचं गढूळ पाणी डाव्या-उजव्या खिडकीत दिसत होतं, पण पाहायला कोणाला सवड होती? सगळी गाडी संगीताचं पुढे काय करायचं या कामाला लागली होती.

"मॅडम, डी.एड.ला घाला. दोन वर्षांत मास्तरीण," एक गृहस्थ म्हणाले.

"मास्तरीण कशाला? नर्सिंगला घाला. माझी भाची परदेशात गेली," त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या.

मुंबईहून सुट्टीवर आलेला एक तरुण मागून ओरडला, "कम्प्युटरमध्ये टाका ना! फुल स्कोप हाय. मेडिकलमध्ये लाइफ खलास होते."

"एमबीबीएसच!" आईने छत्री आपटून निकाल दिला. पोलादपूर येईपर्यंत गाडीत दोन पक्ष पडले होते आणि उतरताना त्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याने कापड्याला जाणारी गाडी तासाभराने होती. आम्ही वडापाव खाल्ला, चहा घेतला. कापड्याला उतरलो, तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरं पाण्याने भरलेली होती आणि चिखलात माणसं वाकलेली होती. फाट्यावरच्या टपरीत चहा घेताना मी कुडपणची जीप विचारली, तर टपरीवाल्याने उलट मलाच विचारलं, "शेलारांची पोरगी डाक्टर झाली, ते कळलं का तुम्हाला?"

आमच्याआधी सुटलेल्या एका जीपमधून बातमी पुढे पोचली होती. पोचता पोचता संगीताची साडेपाच वर्षं वाचली होती.

"अहो, झाली नाही. परीक्षा पास झाली," मी म्हणाले.

"तेच ते," तो म्हणाला आणि चहाचे पैसे घेईना.

जीपमध्ये आम्ही कितीजण होतो ते मोजणं शक्य नव्हतं, कारण काहींचे फक्त पाय दिसत होते. माझ्या शेजारी इरलं (पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं छप्पर) मांडीवर घेऊन एक म्हातारबाबा बसले होते. ते संगीताचे चुलत आजोबा निघाले. "मी पोलादपुरात दवाखान्यात चाललो व्हतो," ते म्हणाले, "बातमी कळली नि अर्ध्यातनं परत फिरलो. आता घरचीच डाक्टर हाय, तर गुडगा परक्याला कशाला दावायचा?"

एका वळणावर दरडीची माती रस्त्यावर आली होती. जीपवाल्याने इंजिन बंद केलं आणि "पुढं पायी" एवढंच म्हणाला. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. कुठून तरी धबधब्याचा आवाज येत होता, कुठून तरी गुरांच्या घंटांचा. आजोबा दुखरा गुडघा घेऊन आमच्या पुढे तुरुतुरु चालले होते. आईच्या नव्या चपलांनी मात्र पहिल्याच चढाला दगा दिला. वाडीची पहिली घरं दिसली, आई म्हणाली, "आलंच की!" आणि पुढच्या क्षणी ती चिखलात बसलेली होती. छत्री वर धरलेली, पाय मुरगळलेला.

आजोबांनी हाळी दिली. वरून चारपाच माणसं धावत आली आणि त्यांच्यात गुडघ्यापर्यंत चिखल माखलेली, हातात तरव्याची (भाताच्या रोपांची) जुडी घेतलेली संगीता होती. मला पाहून ती जागच्या जागी थांबली.

"मॅडम, मी नापास झाले?"

तिचे वडीलही मागून आले. शिक्षक घरी येतात ते तक्रार घेऊनच, अशी त्यांची समजूत असावी. "काय केलंन पोरीनं?" त्यांनी घाबरून विचारलं.

मी गुण सांगितले. संगीताने रोपांची जुडी खाली ठेवली, हात ओढणीला पुसले आणि मला नमस्कार करायच्या ऐवजी आईच्या पायाशी बसली. "आधी हे बघू," ती म्हणाली.

आईचं पाऊल तिने दोन्ही हातांनी धरलं. आई कळवळली. "हो हो हो," संगीता खालच्या आवाजात म्हणाली, "उभी राहा गो बाय, उभी राहा, काय नाय व्हत." आईच्या पोटरीवर तिने दोनदा थोपटलं. हे शब्द ती रोज गोठ्यात कोणाला म्हणत असेल, ते माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड फिरवून हसू दाबलं. आई मात्र खरंच गप्प झाली. हाड सरळ आहे, नुसता मुरगळलाय, असं सांगून संगीताने बांबूच्या दोन कामट्या लावून पाऊल बांधलं. तिच्या हाताची सफाई मी प्रयोगशाळेत दोन वर्षं पाहिली होती. बेडूक कापताना सगळा वर्ग डोळे मिटायचा, ही एकटीच वाकून बघायची.

घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली गेली. आम्ही जेवेपर्यंत ओटीवर रांग लागली. पहिला नंबर अर्थातच आजोबांच्या गुडघ्याचा होता, मग कोणाचा कान, कोणाची दाढ. मी उठून सांगितलं की संगीता अजून डॉक्टर नाही, आधी कॉलेज आहे, आणि सोमवारी एमबीबीएसचा अर्ज भरायचा आहे.

"मॅडम," संगीता चुलीपासून उठत म्हणाली. "मला तो अर्ज नाही भरायचा. मला गुरांची डॉक्टर व्हायचंय."

आजोबांनी वर केलेलं धोतर हळूच खाली सोडलं.

"अगं, इतके गुण पडलेत!" मी म्हणाले.

"म्हणून तर गुरांच्या कॉलेजात नक्की घेतील ना मला. मागच्या पावसात आमची चांदी म्हस वीत नव्हती. बाबा पोलादपूरला गेले. डॉक्टर येईपर्यंत ती गेली, रेडकूपण गेलं. मी तिच्या जवळ बसले व्हते मॅडम. मला कळत व्हतं रेडकू आडवं हाय, पण पुढं काय करायचं ते कळत नव्हतं." महाडात दोन वर्षं घोटलेली शुद्ध भाषा तिच्या तोंडून अशी गळून पडलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"मग माझ्या गुडग्याचं?" आजोबांनी हळूच विचारलं.

"त्याला पोलादपूर हाय, तात्या. म्हशीला कोण हाय?"

सगळे तिच्या वडिलांकडे बघायला लागले. त्यांनी आढ्याकडे पाहिलं. "लोक हसतील," ते म्हणाले. मग, "चांदी दोन येळंला मिळून धा लिटर द्यायची," असं म्हणून डोळे पुसत गोठ्याकडे निघून गेले. ते 'हो' होतं, हे मला संगीताच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता विरोधी पक्षात फक्त माझी आई उरली होती, तीही भिंतीला टेकून, बांधलेला पाय पुढे पसरून. सगळ्यांना वाटलं ती आता छत्री आपटणार. "मला विचाराल तर," ती म्हणाली, "मुलीचा हात चांगला आहे. कोणालाही लागू पडेल."

दुसऱ्या दिवशी आईला डोलीतून (बांबूला बांधलेल्या झोळीतून) खाली नेलं. पुढचा खांदा संगीताच्या वडिलांनी दिला होता. धुकं निवळलं होतं आणि खाली दरीत कापड्याची खाचरं आरशासारखी चकाकत होती. डोलीतून आई मजेत निसर्ग बघत होती आणि वाटेत भेटेल त्याला हात करत होती. दरडीपलीकडे जीप उभी होती. पोलादपूरला वडिलांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, वळले आणि कुडपणच्या वाटेला लागले.

सोमवारी आईला शेजारणीवर सोपवून आम्ही दोघींनी मुंबई गाठली. मोठ्या दालनात दोन खिडक्या होत्या, एक मेडिकलची, एक गुरांच्या डॉक्टरकीची. मेडिकलची रांग जिन्यापर्यंत गेली होती. तिच्या शेजारून, आईबापांच्या घोळक्यांमधून वाट काढत संगीता दुसऱ्या खिडकीशी गेली. तिथल्या कारकुनाने गुण बघितले, चष्मा वर केला आणि म्हणाला, "बाळ, चुकून या रांगेत आलीस का?"

"नाही सर," ती म्हणाली, "म्हशी याच रांगेत ना?"

परतीच्या गाडीत ती खिडकीशी डोकं टेकून झोपली. पुढे तिला प्रवेश मिळाला, पण त्या संध्याकाळी ते काही ठाऊक नव्हतं. महाडला मी उतरले. ती तशीच पोलादपूरला जाणार होती. गाडी सुटता सुटता तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, आईंना सांगा, आठवडाभर पायावर जोर नको. जागा कोरडी ठेवा. आणि पाणी भरपूर पाजा." मग स्वतःच जीभ चावली. "म्हणजे, प्यायला सांगा."

दोन वर्षं मी फळ्यापुढे उभी राहून तिला सांगत आले होते आणि ती मान डोलवत आली होती. स्टँडच्या चिखलात उभी राहून मी मुकाट्याने मान डोलावली आणि तिने सांगितलेलं विसरू नये म्हणून घरी पोचेपर्यंत मनात घोकत राहिले.