ज्याचा गळ, त्याचा मासा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. पोळ्यांच्या नव्हे, माशांच्या. शेंगदाण्याची पेंड, भाजून कुटलेली मेथी, चिमूटभर बडीशेप आणि शिळा भात असा चारा मी मळत होते, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, हर्सूलच्या तलावावर गळ टाकून बसणार हे पंचांगात छापल्यासारखं ठरलेलं होतं. फोनवर वहिनी होत्या. "वन्सं, हे गेले... चहा मागितला, अन् कप घेऊन येईस्तोवर गेले." मग मी विचारलं, "गळ बांधला होता का त्यानं?" दुसऱ्या कुणाला हा प्रश्न ऐकून बाईचं डोकं फिरलं असं वाटलं असतं. वहिनींना नाही वाटलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "सकाळीच बांधला. खुर्चीला टोचून ठेवलाय."

हा प्रश्न मी का विचारला, हे सांगायचं तर दादाच सांगावा लागेल. आमचं गाव फुलंब्रीकडलं, घर शेतीवाल्यांचं. दादा पोलिस ॲक्शननं निजाम जायच्या आधीचा, मी नंतरची. त्यामुळं भांडणात माझं एक हुकमी अस्त्र होतं: "तू निजामाची रयत, मी स्वतंत्र देशात जन्मलेली, मला हुकूम सोडायचा नाही." तो म्हणायचा, "म्हणूनच तुला शिस्त नाय." पुढं त्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, हर्सूलला त्यानं घर केलं आणि मला शिक्षिका व्हायचं होतं म्हणून शिकायला शहरात आणलं. वडिलांच्या मनात माझं लग्न होतं. दादानं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर वडिलांनी तो विषय काढला नाही. मी शिकले, छावणीतल्या शाळेत लागले, तिथंच राहिले आणि निवृत्तही झाले. माझं आयुष्य मी उभं केलं असं मी सगळीकडं ठणकावून सांगते, ते खरंही आहे, पण पहिली खुंटी दादानं ठोकली होती.

मासेमारी त्याला गावाकडच्या नदीनं शिकवली आणि हर्सूलनं पक्की केली. सामान मात्र शहागंजातूनच यायचं, रशीदभाईंच्या बोळकंडीएवढ्या दुकानातून. गळ घ्यायला दादाबरोबर जाणं हा एक सोहळा असे. तो एकेक गळ उचलायचा, अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून हलकेच ओढायचा. टोक नखावर अडकलं तर ठेवायचा, घसरलं तर परत. रशीदभाई कपाळाला हात लावायचे, "अरे मियाँ, मच्छी पकडनेको जा रहे के जेवर खरीदनेको?" दादा म्हणायचा, "रशीदभाई, मच्छी तुमच्याकडं येत नाय ना तक्रार घेऊन, म्हणून टिकून ऱ्हायले तुम्ही." दोघं हसायचे, चहा यायचा, आणि निम्मे गळ परत डब्यात जायचे.

तलावावरही त्याचं सगळं असंच. बाकीचे लोक चाऱ्याच्या मोठ्या गोळ्यात चार-पाच गळ पुरून टाकायचे, दादाचा एकच असायचा आणि त्याचं टोक पिठाबाहेर. "रोहू चावत नसतो, वढून घेतो अन् नको ते थुकतो," तो सांगायचा. "थुकताना टोक ओठात बसाय पायजे. टोक पिठात झाकलंस की संपलं." मोरपिसाच्या देठाचा तरंगा पाण्यावर थरथरला की मी हात उचलायची आणि तो माझ्या मनगटावर चापट मारायचा. थरथर म्हणजे मासा चाखतोय. तरंगा सरळ चालू लागला की उचलायचं. आणि कटला असेल तर तरंगा बुडत नाही, उलट वर येऊन आडवा होतो, कारण कटला खालून वर खातो. हे सगळं मी ऐकून घेतलं, पण अक्कल आली ती पहिल्या रोहूनं.

झालं असं, की दादा काठावरच्या टपरीवर चहा आणायला गेला आणि त्याचा तरंगा चालू लागला. मी काठी उचलली. पदर खोचला, पाय मातीत रोवले आणि रोहू बाहेर काढला. चांगला हातभर लांब! काठावरच्या बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वरातीतल्या नवरीसारखी घरी आले, तर दादा दारातूनच वहिनींना म्हणतो, "घे, मी मासा आणलाय." मी भडकले. "तू आणलास? धरला मी!" त्यानं शांतपणे विचारलं, "गळ कुणी बांधलेला?" हर्सूलच्या काठावर बसणाऱ्यांचा हा जुना रिवाज. काठी कुणाच्याही हातात असो, गळ ज्यानं बांधला, मासा त्याचा. "मासा हाताला लागत नसतो, गाठीला लागतो," दादा म्हणाला. "हात काय, कुणाचाबी चालतो." त्या रात्री मी रश्श्याला शिवणार नव्हते. खोटं कशाला, दोन वाट्या ओरपल्या, पण तोंड फुगवून.

दुसऱ्याच दिवशी गाठ शिकायला बसले. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गळाच्या डोळ्यातून घालायचं, स्वतःभोवतीच पीळ द्यायचे, शेपूट डोळ्याजवळच्या फासातून काढायचं, मग थुंकी लावायची आणि सावकाश आवळायचं. थुंकीला मी नाक मुरडलं. "कोरडी गाठ आवळली की तंगूस जळतंय," दादा म्हणाला. "दिसत नाय, पण मोठा मासा आला की तिथंच तुटतंय. शाळेत शिकवतीस ना? मग शिक." शिकले. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो, आपापला गळ आपण बांधून. त्याचे मासे जास्त असायचे, माझे मोठे असायचे. हे त्यानं कधी मान्य केलं नाही. आता हरकत घ्यायला तो नाही, तेव्हा इथं लिहून टाकते.

मग दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, काठी टेकत पायही उचलू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. तो हात कुणाला दिसायला नको म्हणून की काय, त्यानं आरामखुर्ची भिंतीकडं वळवून घेतली. वहिनींचा फोन आला, "वन्सं, हे बोलंनात, धड जेवंनात. भिताडाकडं तोंड करून बसतेत. तुमी कायतरी करा." दादा मरेल ही भीती मला नव्हती. तो असाच जगेल, ही होती. मी माझ्या हातानं सुरेख गळ बांधला, काठीला लावला आणि त्याच्यासमोर नेऊन धरला. "चल, रविवार आहे." त्यानं गाठ निरखली. "कुणी बांधला?" "मी." "मग तूच जा."

मी समजावलं, विनवलं, शेवटी चढ्या आवाजात बोलले. रिवाज काय दगडावर कोरलाय का? तो म्हणाला, "दुसऱ्याच्या गळावर बसायचं, तर घरी बसलेलं काय वाईट?" तेव्हा माझंही टाळकं सटकलं. "बैस मग! निजामाची रयत ती, हुकमाबाहेर कशी जाईल?" तंगुसाचं रीळ आणि एक कोरा गळ खुर्चीच्या हातावर आपटला आणि निघून आले. वहिनींना वाटलं, आता बहीण-भावाचं कायमचं फाटलं. पण मी दादाला ओळखून होते. दया दाखवली असती तर तो त्या भिंतीतच गेला असता. भांडण मात्र त्यानं कधी अर्धवट सोडलेलं मला आठवत नाही.

काही दिवसांनी वहिनींचा पुन्हा फोन, कुजबुजत. "वन्सं, हे काय करायलेत बगा... खुर्चीच्या लाकडात गळ टोचलाय, तंगूस दातात धरलंय अन् डाव्या हातानं पीळ द्यायलेत." मी म्हटलं, "वहिनी, बघू नका. आपलं काम करा." गाठ झाली की दादा तिला पाण्यानं भरलेला तांब्या टांगायचा. गाठ सुटायची, तांब्या धाडदिशी फरशीवर. पहिल्यांदा वहिनी घाबरून धावत आल्या, मग सरावल्या. पुढं पुढं तांब्या वाजला की स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या, "गेला मासा!" आणि कित्येक दिवसांनी त्या घरात दादाच्या हसण्याचा आवाज आला. फरशी पुसून पुसून त्या वैतागल्या, तांब्याला पोचे आले, खुर्चीच्या हाताची चाळण झाली. उन्हाळा असाच गेला. एका दुपारी बराच वेळ तांब्या पडला नाही म्हणून वहिनी बाहेर येऊन बघतात तो काय... तांब्या लटकतोय आणि दादा त्याच्याकडं एकटक बघत बसलाय. त्यानं खुर्ची कधी वळवून घेतली, ते त्यांनाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षानं तलावावर गेलो. डाव्या हातानं टाकलेला गळ जवळच पडला, पण दादाला त्याचं काही नव्हतं. ऊन चढलं. आणि त्याचा तरंगा वर आला, पाण्यावर आडवा झाला. "कटला!" आम्ही एकदमच म्हणालो. दादानं काठी उचलली, मासा लागला, रीळ किंचाळत फिरू लागलं... आणि तिथं त्याचा एक हात कमी पडला. काठी धरावी तर रीळ फिरवता येईना. तो माझ्याकडं बघू लागला. मी काठी घेतली. काठी उभी, तंगूस ताठ, पण ओढाओढ नाही, मासा दमेपर्यंत त्याच्या कलानं. दादा शेजारून सूचना देत होता, निम्म्या चुकीच्या. लक्ष माझ्या हाताकडं नव्हतंच त्याचं, पाण्यात शिरणाऱ्या तंगुसाकडं होतं. गाठ धरते का, एवढंच. गाठीनं धरलं. कटला काठावर आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "बाईनं काढला रे!" दादाचा चेहरा पडला. मी त्या माणसाकडं वळून सगळ्या काठाला ऐकू जाईल असं म्हणाले, "गळ ह्यानं बांधलाय. मासा ह्याचा. हात काय, कुणाचाबी चालतो!"

दादा वाकड्या तोंडानं हसला आणि हसता हसता रडायला लागला. मीही रडले. भर काठावर, सगळ्यांदेखत, आणि मला त्याची लाज वाटली नाही. त्यानंतरचे सगळे रविवार आमचे असेच गेले, गळ त्याचा आणि हात माझा. माझा स्वतःचा गळही मी टाकायचे, पण खरं सांगते, लक्ष त्याच्याच तरंग्यावर असायचं.

दादा जाऊन महिना उलटल्यावर, गेल्या रविवारी, मी वहिनींकडं गेले. खुर्चीच्या हातात तो गळ तसाच टोचलेला होता. गाठीजवळ दातांच्या खुणा. वहिनींनी तो स्वतः उपटला आणि माझ्या हातात दिला. मी तलावावर आमच्या जागी जाऊन बसले. टोक पिठाबाहेर ठेवलं, थरथरीला हात उचलला नाही, तरंगा चालू लागला तेव्हाच उचलला. रोहू होता. फार मोठा नव्हता, पण नव्या रुपयासारखा लखलखीत. गाठ जशीच्या तशी होती.

वहिनींनी दार उघडलं. पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुणी आणला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दादानं." त्यांनी डोळ्याला पदर लावला, पिशवी घेतली आणि आत जाऊन पाट्यावर मसाला वाटायला घेतला. जेवणं झाल्यावर गळ धुऊन, पुसून त्या बाहेर आल्या. आता तो मला देतील असं वाटलं. त्यांनी तो खुर्चीच्या हातावर, होता त्याच भोकात टोचला.

"ऱ्हाऊ द्या हितंच," त्या म्हणाल्या. "फुडच्या रविवारी त्यास्नी लागंल."