शिवणीतला नंबर

दुपारचे अडीच. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेय. आमचा पुकारा व्हायला वेळ आहे.

सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही अकरा बायका मशिनवर होतो. मालकाने सात महिन्यांचा पगार थकवला, आणि आता कोर्टात म्हणतो, या बाया आमच्याकडे कधी नव्हत्याच. हजेरीचं रजिस्टर त्याच्याच कपाटात. सकाळी त्याच्या वकिलाने कागद धाडलाय : एका महिन्याचा पगार घ्या, सही करा, मिटवा. मी करणार आहे. दमलेय आता. डोळे जड होतात, पंख्याचा आवाज लांब जातो.

बाक शेजारी जरा दबतो.

"झोपलीस व्हय गं, पद्मा?"

नरसव्वाअक्का. केस घालायला तिनंच आम्हां सगळ्यांना उभं केलं, आणि श्रावणात काविळीने गेली. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघतेय. मला नवल वाटत नाही.

"सही करणार म्हणं तू."

"काय करू अक्का? पुरावाच नाही."

"आणि माझं?"

मी खाली बघते. त्या कागदावर दहाच नावं आहेत. मेलेल्या बाईचं नाव धरलेलंच नाही.

"माझ्या लेकीला मिळाय पाहिजे ते," अक्का म्हणते. रागाने नाही. जेवलीस का विचारावं तसं.

माझ्या पायाला मशिनचं पेडल लागतं. व्हरांड्यात अकरा मशिनी एकदम चालू आहेत, कोर्टाचा पट्टेवाला कापडाचे तागे मोजतोय. माझ्या हाताखालचं कापड संपत नाही, दाराबाहेर जातं. त्याच्यामागून आम्ही जातो, तर शाळेचं मैदान. आकाशी शर्ट घातलेल्या मुली प्रार्थनेला रांगेत उभ्या.

अक्का एका मुलीच्या शर्टाची कडा उलटते. "बघ."

आतल्या शिवणीत बोटभर पांढरी पट्टी. मशिनचा नंबर नऊ, आणि अक्काच्या वाकड्या अक्षरात 'नरसव्वा'. पुढच्या मुलीच्या शर्टात पाच, माझ्या अक्षरात माझं नाव. चूक कुणाची ते कळावं, पगारातून कापता यावं, म्हणून मालकच पट्टी लिहून घ्यायचा. तिच्याशिवाय शर्ट पुढे जात नसे.

"चुका धराय लावलं हुतं न्हवं त्यानं?" अक्का हसते. "आता धरू दे की कोर्टाला."

"अक्का, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलीस कुठं?" माझा दंड धरून ती मला उठवते. "चल, ऊठ."

"पद्मिनी सुरवसे आणि इतर!"

पट्टेवाला दारात उभा आहे. बाकावर मी एकटीच. आमच्या वकीलबाई जिन्याने घाईने वर येताहेत.

"मॅडम, सही नाही करायची," मी म्हणते, आणि शर्टातल्या पट्ट्यांचं सांगते. त्या जागच्या जागी थांबतात.

"तुमच्या हातची अक्षरं? आणि कॉलरला कारखान्याचं लेबल?"

"प्रत्येक शर्टात. गावभर शाळांमधून."

"अहो, मग पुरावा नाही काय म्हणता! शाळेकडून गणवेश मागवू. आजच अर्ज देते." मिटवण्याचा कागद त्या घडी घालून पिशवीत टाकतात. "अक्कांच्या लेकीचं नाव सांगा, वारस म्हणून लावते." मग माझ्याकडे बघतात. "हे काय लागलंय दंडाला?"

दंडावर निळ्या खडूचे पुसट डाग आहेत, चार बोटांचे. कापड बेतायच्या खडूला मी कारखाना सुटल्यापासून हात लावलेला नाही.

मी पदराने ते झाकते, पुसत नाही, आणि वकीलबाईंच्या मागोमाग आत जाते.